आईचे दोन फोन

थंडर बे,
मार्चचा दुसरा रविवार

प्रिय सिनी,

आशीर्वाद. मोठ्या बहिणीने पत्र असंच सुरू करायचं असतं म्हणून लिहिलं, नाहीतर तुला द्यावेत इतके आशीर्वाद माझ्यापाशी शिल्लक नाहीत.

इकडे सगळं ठीक. डेल बरा आहे, कागद गिरणीत पाळ्या बदलल्या म्हणून बायकोपाशी कुरकुरतो. अंगणातला बर्फ खचलाय पण वितळायचं नाव नाही. आईच्या खुब्याचे टाके निघाले. वॉकर धरून ती स्वयंपाकघरापर्यंत येते आणि आल्याआल्या मी कप चुकीच्या फळीवर ठेवले म्हणते. त्यावरून ओळख काय ते. मी अजून रात्री तिच्याकडेच असते, सकाळी इथूनच शाळेची बस काढायला जाते.

तुझा निरोप वाचला. फोन करूनही उत्तर देता आलं असतं, पण फोनवर आपलं काय होतं ते तू जाणतेस. तू 'रायली, जरा ऐक तरी' म्हणतेस आणि मी फोन ठेवते. कागद बरा. तो मध्येच बोलत नाही.

तू लिहिलंस, 'दोन फोनांनी आईचा गोंधळ होतो, एकच ठेवू या. कोणत्या कंपनीची दुरुस्ती आणि वॉरंटी चांगली हे तू जवळून बघितलंस, तेव्हा तूच ठरव.' बरं झालं विचारलंस. टोरांटोत बसून शिफारशी करणं वेगळं आणि इथे काउंटरवर उभं राहून घसा कोरडा करणं वेगळं. दोन्ही कंपन्यांना तोंड दिलंय ते मीच. तर ऐक.

आधी तुझी कंपनी.

तू आईला दिलेला पांढरा फोन फुटला तो नोव्हेंबरात. आई पुल्ला करत होती, तोच तुझा आवडता वेलचीचा गोड पाव. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता, तुला दिसावं म्हणून. तू तिकडून म्हणालीस, "आई, पीठ सैल झालंय गं," आणि आईने मुठीने दाबून बघितलं आणि म्हणाली, "खरंच की!" मी तिथेच होते, सिनी. हातभर अंतरावर वेलची कुटत होते. मी तेच आधी सांगितलं होतं, तेव्हा तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं होतं. तेवढ्यात डबा सरकला, फोन फरशीवर तोंडावर पडला आणि काचेचं जाळं झालं. मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. वाईट वाटलं असंही म्हणणार नाही.

तुझ्या कंपनीचं स्वतःचं दुकान आपल्या गावात नाही. म्हटलं, आता कळेल. आता महिनाभर पत्ता लागायचा नाही, आणि आईला समजेल की दुरून पाठवलेल्या वस्तू दुरूनच दुरुस्त कराव्या लागतात. फोन लावला. पॅट्रिस नावाच्या बाईने उचलला, माणसाने, यंत्राने नाही. तिने आधी विचारलं, काच कुणाला लागली नाही ना? मग म्हणाली, तुम्ही काही करू नका, नवा फोन आधी पाठवते, तो हातात आला की त्याच खोक्यात फुटका घालून परत द्या. खोकं आलं. परतीची चिठ्ठी आधीच चिकटवलेली. नवा फोन चालू केला तर आईचे सगळे फोटो, नंबर, सगळं जिथल्या तिथे. मग पॅट्रिसने पुन्हा फोन करून विचारलं, आईंना जमतंय ना वापरायला?

खरं सांगू? तिने उर्मटपणा करायला हवा होता. मी त्यासाठी तयार होऊन बसले होते.

आई पुढचा आठवडाभर जो भेटेल त्याला सांगत होती. "सिनीच्या फोनवाल्यांनी बघा, एका शब्दाने हुज्जत घातली नाही." जणू त्या कंपनीला जन्म तूच दिलास.

आता माझी कंपनी.

माझा निळा फोन तिच्याकडे आधीपासून होता, हे तू विसरतेस म्हणून लिहिते. बाबा गेल्यावर तिला मी घेऊन दिला. अक्षरं मोठी केली, माझं नाव सगळ्यात वर घातलं, वॉरंटी वाढवून घेतली. तुझा पांढरा आला तो पुढच्या नाताळात, रिबीन बांधून. तेव्हापासून पांढरा असतो कपाटावर, लेसच्या रुमालावर. आणि निळा जातो लाकडाच्या वखारीत, भाज्यांच्या वाफ्यात, एप्रनच्या खिशात, पिठाच्या हातात. माझी लायकी त्यावरून मला कळत होतीच.

जानेवारीत निळा बंद पडला. का, तर आई तो सौनात, तापल्या दगडांच्या वाफेत, घेऊन गेली. पांढरा बाहेर बाकावर टॉवेलात गुंडाळून ठेवला आणि निळा आत! मी विचारलं तर म्हणते, "अगं, तू फोन करतेस ना, पोचलीस का, दार लावलं का, म्हणून नेला." म्हणजे चूक पुन्हा माझीच.

माझ्या कंपनीचं अधिकृत काउंटर गावात आहे, मॉलमध्ये, एवढीच तिची पुण्याई. तिथली रोवेना मुलगी तशी चांगली. तिने फोन उघडला, आत एक बारीक पांढरा ठिपका असतो तो दाखवला. तो लाल झाला होता. म्हणाली, "पाणी गेलंय. पाण्याला वॉरंटी नाही."

म्हटलं, "पाण्यात नव्हता पडला. वाफेत होता."

"वाफ म्हणजे पाणीच ना, मॅडम?"

"आमच्याकडे नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे वाफ वेगळी, पाणी वेगळं. कुणाही फिन माणसाला विचार."

मागे रांगेत उभे असलेले एक आजोबा म्हणाले, "बरोबर बोलते ती!" पण ठिपका लालच राहिला.

मग मी कंपनीला फोन लावला. तो एक यंत्र उचलतं. 'तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे' असं म्हणून बाजा वाजवत बसवतं. एका माणसाने दुसऱ्याकडे दिलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, प्रत्येकाला मी सौना म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगितलं. एकजण म्हणाला, फोनसाठी तो वापर योग्य नाही. मी म्हटलं, माणसासाठी आहे, आणि फोन माणसाच्या खिशात असतो. बस उभी करून, मुलांची वाट बघत, स्टिअरिंगवर कागद ठेवून मी तक्रारी लिहिल्या. शेवटी कोण्या वरच्या साहेबाला दया आली किंवा कंटाळा आला, आणि त्यांनी आतला भाग फुकट बदलून दिला. जिंकले. आईला सांगितलं तर म्हणाली, "एवढं कशाला भांडायचं गं? दुसरा होता की."

तर असा हिशेब आहे. तुझी कंपनी गोड बोलते, माझ्या कंपनीकडून ओरबाडून घ्यावं लागतं.

आणि फेब्रुवारीतल्या त्या शनिवारचं म्हणशील, तर त्यात फोनचाच दोष. आई सौना तापवायला लाकडं आणायला गेली आणि वखारीपाशी बर्फावरून घसरली. निळा तेव्हा दुकानात होता. पांढऱ्यात पहिलं नाव तुझं, तूच घातलेलं, म्हणून तो तुला लागला. नाहीतर दहा मिनिटांवर राहणाऱ्या मुलीला सोडून कुणी टोरांटोला फोन करतं का? मी बटाटे सोलत होते. तुझा फोन आला, 'रायली, आई पडलीय, ॲम्ब्युलन्स सांगितलीय, तू निघ.' माझी आई माझ्या गावात पडली आणि मला ते टोरांटोहून कळलं. निळा हाताशी असता तर असं झालं नसतं. दुसऱ्या दिवशी तू विमानाने आलीस, तेव्हा हॉस्पिटलात मी नर्सला हेच सांगितलं, तू होतीसच.

थांबते. आई हाक मारतेय. उशी चुकीची आहे बहुतेक.

सोमवार

वरचं शेवटचं फाडून टाकणार होते. मग म्हटलं, राहू दे. तुलाही कळू दे, तेच खोटं मी किती वेळा म्हणू शकते ते.

निळा दुकानात नव्हता, सिनी.

गुरुवारीच आणला होता. मी स्वतः तिच्या एप्रनच्या खिशात ठेवला होता आणि वर थोपटलं होतं. शनिवारी मी वखारीपाशी पोचले तेव्हा ॲम्ब्युलन्सवाले तिला उचलत होते आणि निळा तिच्या मुठीत होता. हातमोजा काढून बर्फात टाकला होता. मी फोन घेतला, माझ्या कोटात घातला आणि म्हटलं, "घसरू नये म्हणून वाटेवर राख टाकायला सांगितली होती ना? किती वेळा सांगितलं?" माझे पहिले शब्द हे.

त्यात माझं नाव सगळ्यात वर होतं. उघडल्याबरोबर मीच. खुबा मोडलेला, बोटं गारठलेली, अशा अवस्थेत तिने माझं नाव ओलांडलं आणि खाली खाली जाऊन तुझं शोधलं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. डेललासुद्धा नाही. नर्सने विचारलं, "टोरांटोला कळवलं यांनी? इथे कुणी नाही का?" तेव्हा मी चटकन म्हणाले, "तिचा नेहमीचा फोन दुकानात होता." तू तिथेच उभी होतीस, आईची पिशवी घेऊन. कोणत्या नंबरावरून तुला फोन आला हे तुझ्या फोनवर उमटलं असणारच. तू माझ्याकडे बघितलंस, आणि नर्सला म्हणालीस, "हो, बिघडला होता." तेव्हा मला तुझा असा राग आला की सांगता येत नाही. तू खोटं पाडलं असतंस तर मला तुझ्याशी भांडता आलं असतं. तू तेही ठेवलं नाहीस. सगळा चांगुलपणा तूच घेऊन बसतेस, माझ्यासाठी काय उरतं? राख.

नंतर त्या वॉर्डात सगळ्यांना तूच घर सांभाळणारी मुलगी वाटलीस. आई तुझा हात धरून झोपायची. मी पार्किंगचे पैसे भरायला आणि डॉक्टरांशी वाद घालायला.

आज दुपारी मुलांना सोडायला निघण्याआधी आईला सूप दिलं आणि विचारलं. विचारायचं ठरवलं नव्हतं. दोन्ही फोन टेबलावर होते, तुला काय कळवायचं त्याचा विचार करत होते, आणि तोंडातून गेलं.

"आई, त्या दिवशी निळा तुझ्या हातात होता. मला का नाही केलास?"

तिने चमचा खाली ठेवला. मला वाटलं म्हणेल, चुकून लागला. मी प्रार्थना करत होते की तिने चुकून लागला म्हणावं.

म्हणाली, "तुला केला असता तर तू आली असतीस."

"मग? यायचंच होतं ना कुणीतरी!"

"आली असतीस आणि लगेच कामाला लागली असतीस. राख, चादर, गाडी, डॉक्टर. अगं, पडल्यावर माणसाला आधी जरा 'ओय गं' म्हणायचं असतं. मला रडायचं होतं थोडंसं. तुझ्यासमोर रडलं की तू रागावतेस."

"मी कधी रागावले?"

"आत्ता," आई म्हणाली.

मी खरंच ओरडले होते. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "सिनीला काही करता येत नाही तिकडून. म्हणून ती ऐकत बसते. मी रडले, तीही रडली, मग मीच म्हटलं, बाई, आता रायलीला फोन कर, मला उचलायला कुणीतरी हवं." आणि वर म्हणाली, "उचलणारी तू आहेस, हे काय मला माहीत नाही का?"

याने मला बरं वाटावं असं तिला वाटलं असेल. मी सूप ओट्यावर नेऊन ठेवलं आणि तिला अजून प्यायचं होतं ते माझ्या लक्षातच आलं नाही. बस काढायला निघाले. पहिल्या थांब्यापर्यंत मी रडत होते, मग मुलं चढली आणि एकाने टोपी विसरली होती, त्यालाच ओरडले.

तुझ्याबद्दल जे वाटतं ते एकदा लिहूनच टाकते. तुझ्या फोनवर ती हसते तेव्हा मी भांडी घासत असते. तुझ्या ऑफिसातल्या बाईच्या मांजराने काय केलं, यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसते. मला सांगते, नळ गळतोय. मला सांगते, गोळ्या संपल्या. माझ्यापाशी ती कधी वायफळ बोलत नाही. मी तिच्या घराची किल्ली घेऊन फिरते आणि तू तिच्या पोटात शिरून बसली आहेस, विमानाने वर्षातून दोनदा येऊन. हे न्यायाचं नाही. पण तू चोरलंस असंही मला म्हणता येत नाही. मी रागावत होते तेव्हा तू ऐकत होतीस, एवढंच झालं.

संध्याकाळी परत आले तर आईने वॉकर धरून कॉफी करायचा उद्योग केला होता आणि भांडंभर कॉफी ओट्यावरून फरशीवर सांडली होती. माझं तोंड उघडलं. मी मिटलं. फडकं आणलं, पुसलं. खाली बसल्याबसल्या म्हटलं, "भाजलं नाही ना?"

आई माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "रायली, तुझी तब्येत बरी आहे ना?"

मला हसू आलं. तिलाही आलं. मांजराइतकं नाही, पण आलं. मी ओल्या फरशीवर बसून हसत होते आणि ती वॉकरला धरून, "अगं मला हसवू नकोस, खुबा दुखतो," म्हणत होती. मग माझं हसणं कुठे संपलं ते कळलं नाही, मी तिच्या चपलांपाशी बसून रडायला लागले. तिने मला उचललं नाही, तिला वाकता येत नाही. "ओय गं, ओय," एवढंच म्हणत राहिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यात बरं वाटलं, काहीच न केल्यामुळे. हे तुम्हा दोघींना आधीपासून माहीत होतं वाटतं.

तर आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर, न चिडता.

तुझी कंपनी चांगली आहे. वॉरंटी म्हणजे काय ते त्यांना समजलंय. माझी कंपनी आधी चूक कुणाची ते शोधते आणि मग वस्तूकडे बघते. ती सुधारेल असं मला वाटत नाही. आईलाही विचारलं. ती म्हणाली, "पांढराच ठेवते. तो मोडला तरी तुला कुणाशी भांडावं लागत नाही. निळा तू घे, तुला त्या लोकांची सवय झालीय." तेव्हा निळा आता माझ्या कोटात. पांढरा लेसच्या रुमालावरून उतरवला आणि तिच्या खिशात घातला. सौनात न्यायचा नाही, हे तू सांग. तुझं ऐकेल.

पांढऱ्यात पहिलं नाव तुझंच राहू दे. मी बदलायला घेतलं होतं, बोट वर नेलं होतं, आणि फोन तसाच ठेवून दिला.

एकच मागते. ती पुन्हा कधी पडली, किंवा तिला नुसतंच ओय म्हणायचं झालं, तर ती तुलाच फोन करील. करू दे. तिचं पुरतं ऐकून घे, घाई करू नकोस, माझ्यासारखी मध्ये बोलू नकोस. मग मला कर. मी येईन आणि तिला उचलीन, आणि तोंड मिटून उचलायचा प्रयत्न करीन. त्याची वॉरंटी मात्र देत नाही.

ईस्टरला आलीस तर पाहुण्यांच्या खोलीतला हीटर दुरुस्त करून ठेवते. येताना त्या मांजराच्या आणखी गोष्टी आण. आणि त्या आईला सांगशील तेव्हा मला हाक मार. मी भांडी तशीच टाकून येईन.

तुझ्यावर अजून जळणारी, आणि तरी तुझीच,

रायली